मास्तरांचा एक कधी वाजायचा

एकोणीसशे अठ्ठावन्न साल. नदीवरचा जुना लाकडी पूल पाडायला घेतला, ते हेच वर्ष. त्या वर्षी उन्हाळा संपता संपता गावातले घड्याळमास्तर मनोऱ्याच्या भोकात अडकले.

मनोरा नगरपालिकेचा, भर चौकात उभा. वर चारही बाजूंना तबकड्या आणि आत त्या चारींना चालवणारं एकच भलंमोठं यंत्र. यंत्राच्या खोलीत जायला दगडी जिना होता आणि जिन्याच्या शेवटी लाकडी तक्तपोशीत एक चौकोनी भोक. त्यातून अंग वर ओढून घेतलं की माणूस थेट घड्याळाच्या पोटात. मनोरा बांधणाऱ्याने हे भोक कोणाच्या मापाने ठेवलं होतं देव जाणे. बहुधा तो स्वतः उपाशी असावा.

त्या दिवशी नगरपालिकेचे नवे ओव्हरसियर साहेब तपासणीला आले होते. "या साहेब, माझ्या मागोमाग या," म्हणत मास्तर पुढे झाले. हात वर गेले, खांदे गेले, छाती गेली आणि पोटापाशी गाडी थांबली. वरचे मास्तर घड्याळाच्या खोलीत, खालचे मास्तर जिन्यावर. साहेबांच्या नाकासमोर दोन चपला लोंबकळत राहिल्या.

"काय झालं?" साहेबांनी चपलांना विचारलं.

"काही नाही साहेब, जरा श्वास घेतोय," वरून आवाज आला.

"घेऊ नका. सोडा."

शेवटी साहेबांनीच पाय धरून त्यांना खाली ओढलं. सदऱ्याची बटणं तुटून जिन्यावरून उड्या मारत चौकापर्यंत गेली. साहेब माणूस वाईट नव्हता, पण स्पष्ट बोलणारा होता. "मास्तर, तुमच्या कामाबद्दल गावात एक तक्रार नाही. पण उद्या वर काही बिघडलं आणि तुम्ही असे मध्येच राहिलात तर मी काय करू? पावसाळा उलटला की पुन्हा येतो. तेव्हा सरळ वर गेलात तर ठीक. नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल. तुम्ही राहता त्या मनोऱ्याखालच्या खोल्याही मग त्याच्याच."

मास्तर काही जन्मतः जाड नव्हते. पूर्वी घड्याळाला रोज किल्ली द्यावी लागे, तेव्हा ते जिना चढून उतरून काटकुळे होते. मग नगरपालिकेने यंत्राला मोठे दोर बसवले आणि आठवड्यातून एकदा किल्ली दिली की भागू लागलं. त्याच सुमारास त्यांची विधवा थोरली बहीण, आक्का, राहायला आली. आक्कांच्या हाताला चव होती आणि भाऊ नको म्हणाला की त्यांच्या कानाला ते ऐकू येत नसे. मास्तरांच्या अंगावर मूठमूठ चढत गेलं आणि ते चढतंय हे कोणाला कळलंच नाही.

मास्तरीणबाईंना नवऱ्याच्या रूपाचं कौतुक नव्हतं, पगाराचं तर नव्हतंच. कौतुक होतं ते घड्याळाचं. सारा गाव आपल्या नवऱ्याच्या ठोक्यावर उठतो, जेवतो आणि शाळेत जातो, याचा त्यांना फार अभिमान. घरात त्यांनी साधं भिंतीवरचं घड्याळसुद्धा लावू दिलं नव्हतं. "दारात आपली नदी वाहतेय आणि घरात पाण्याचा डबा कशाला भरून ठेवायचा?" असं त्या विचारीत. म्हणून साहेबांचं बोलणं त्यांना खोल्या जाण्यापेक्षा जास्त लागलं. घड्याळ दुसऱ्याच्या हाती जाणार होतं.

दुसऱ्याच दिवशी त्या मास्तरांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

"उपास नको, औषध नको," डॉक्टर म्हणाले. "मोठं ताट बाजूला ठेवा, लहान ताटलीत जेवा. जेवणाआधी पेलाभर पाणी प्या. घास नीट चावा, गिळू नका. चहातली साखर निम्मी करा आणि पोटात थोडी जागा राहिली की उठा. मुख्य म्हणजे दोन जेवणांच्या मधलं चरणं बंद. जे काय खायचं ते वेळेवर."

"वेळेचं मला सांगता होय?" मास्तर हसले. तो त्यांचा त्या महिन्यातला शेवटचा हसण्याचा प्रसंग.

घरी आल्यावर बाईंनी कायदा सांगितला, "दुपारी एकचा ठोका पडल्याशिवाय ताटली मांडायची नाही. आणि वन्सं, तुम्ही मधेच काही त्यांच्या हातावर ठेवायचं नाही."

"मी कशाला ठेवतेय बाई," आक्का फणकारल्या. "आमच्या घरात माणसं खाऊन गेली, उपाशी राहून कोणी गेलं नाही, एवढंच म्हणते. आणि त्या डॉक्टरला काय जातंय सांगायला? स्वतः तर परातीत जेवतो मेला."

पहिला आठवडा मास्तरांनी निष्ठेने काढला. लहान ताटलीचं त्यांना फारसं वाटेना, पाण्याचंही नाही. पण बारा ते एक हा तास सरता सरेना. मनोऱ्यावर बाराचे ठोके पडले की मास्तरांच्या पोटात तेरावा पडे. स्वयंपाकघरातून भाताचा वास येई, बटाटे परतल्याचा आवाज येई आणि ते ओसरीवर बसून स्वतःच्याच घड्याळाकडे शत्रूसारखे बघत.

आठवड्याची किल्ली द्यायला ते वर गेले तो दिवस असाच. रिकाम्या पोटी, श्वास रोखून, हात वर करून ते भोकातून कसेबसे आत गेले. किल्ली दिली. समोर काटे लावायची लहान चावी होती. ती जरा फिरवली की चारही तबकड्यांवरचे काटे पुढे सरकत. मास्तरांनी इतक्या वर्षांत तिला कारणाशिवाय हात लावला नव्हता. आज कारण होतं. आतून ओरडत होतं.

त्यांनी काटे थोडे पुढे केले. अगदी थोडे.

खाली उतरेपर्यंत एक वाजला. बाईंनी लगेच ताटली मांडली. वाफाळता भात पाहून मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना वाटलं, फार सोसताहेत बिचारे.

जेवण झालं आणि मन खाऊ लागलं. मास्तर खोटारडे नव्हते. निदान कायमचे नव्हते. घेतलेली वेळ परत करायला हवी होती. पण मोठं घड्याळ उलटं फिरवता येत नाही, यंत्राचे दाते तुटतात. मागे आणायचं तर लंबक धरून ठेवायचा आणि खरी वेळ गाठेपर्यंत थांबायचं. म्हणून ते पुन्हा जिना चढले, सदरा काढून भोकातून शिरले, लंबक थांबवला, बसून राहिले आणि झरोक्यातून दिसणाऱ्या स्टेशनच्या घड्याळाशी वेळ जुळल्यावर सोडून दिला. हिशेब चुकता झाला. कोणाचं काही गेलं नाही, असं ते स्वतःला म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही कोणाचं काही गेलं नाही. मग रोजच जाईनासं झालं. पुढे करणं हळूहळू वाढत पाव तासावर आलं.

"हल्ली सारखे वर काय जाता हो?" बाईंनी विचारलं.

"तेल घालायला. या दिवसांत घड्याळ फार तेल पितं."

"प्यावं बाई त्याने," आक्का म्हणाल्या. "त्याला डॉक्टर नाही."

गावात मात्र चमत्कार सुरू झाले. शाळेची घंटा मनोऱ्यावर चाले. सकाळचे तास कसे झटकन संपत आणि दुपारचे संपता संपत नसत. गणित सकाळी असल्यामुळे मुलांनी कधी तक्रार केली नाही. कारखान्यातली माणसं म्हणत, दुपारी हल्ली अंगात काय शिरतं कळत नाही, दिवस ढकलला जात नाही. रेल्वे मनोऱ्यावर नाही, स्वतःच्या घड्याळावर चाले, म्हणून स्टेशनातलं घड्याळ दुपारी मागे दिसे. लोक म्हणत, सरकारी आहे, असायचंच.

सगळ्यात भरभराट झाली ती भिंगवाल्याची. हा चौकातला घड्याळं दुरुस्त करणारा. एका डोळ्याला कायम भिंग लावलेलं, म्हणून भिंगवाला. ज्याच्या त्याच्या मनगटावरचं घड्याळ दुपारी मागे पडू लागलं आणि सगळे त्याच्याकडे आले.

शाळेच्या मोठ्या बाई तर तणतणतच आल्या. "परवा तुम्हीच साफ केलंत ना हे? आज पुन्हा मागे!"

भिंगवाल्याने घड्याळ उघडलं. आत काही दोष दिसेना. "बाई, हे दमलंय," तो गंभीरपणे म्हणाला. "ठेवून जा. संध्याकाळी न्या."

संध्याकाळी घड्याळ मनोऱ्याशी बरोबर जुळलेलं! त्याने त्याला हातही लावला नव्हता. असं दोन-चारदा झाल्यावर भिंगवाल्याचीच समजूत झाली की आपल्या हाताला गुण आहे.

आणि मास्तर वाळू लागले. रोज दोनदा मनोरा चढायचा, उतरायचा, दोनदा भोकातून अंग काढायचं. सदरे ढिले झाले. पट्ट्याला नवी भोकं पडली. बाईंनी श्रेय दिलं ताटलीला. शेजारणी विचारायला येत आणि बाई ती ताटली धुऊनपुसून दाखवीत. भांड्यांच्या दुकानातल्या लहान ताटल्या संपल्या. डॉक्टर रस्त्याने जाताना चार माणसं त्यांना नमस्कार करू लागली. मास्तर हे सगळं ऐकून मान खाली घालून घास चावत. सावकाश, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे.

त्यातच बाईंच्या धाकट्या बहिणीचा निरोप आला. आईमागे बाईंनीच तिला वाढवलेलं, वेणीफणी केलेली. लग्न होऊन ती लांब गेली ती वर्षानुवर्षं भेटली नव्हती. आता तिच्या नवऱ्याला समुद्रापार नोकरी लागली होती. बंदरावर जाणारी त्यांची गाडी अमुक दिवशी दुपारी अडीचच्या सुमारास या गावावरून जाणार होती. थांबणार होती जेमतेम, पण थांबणार होती.

"पुन्हा कधी येईल कोणास ठाऊक," बाई म्हणाल्या. "खिडकीतून का होईना, तोंड बघून घेते तिचं."

आदल्या दिवसापासून घरात भट्टी लागली. लोण्यात भाजलेली बिस्किटं, लिंबाचा मुरांबा, गोड पाव, तळलेले बटाट्याचे काप. धाकटीला जे जे आवडायचं ते सगळं टोपलीत भरायचं होतं. मास्तरांनी सकाळीच मनाशी ठरवलं, आज घड्याळाला हात लावायचा नाही. आज बायकोचा दिवस.

बारापर्यंत तो निश्चय टिकला. मग लोण्याचा वास ओसरीवर आला. मास्तरांनी विचार केला, आज लवकर जेवणं झाली तर हिचीच सोय. हिला घाई होणार नाही. उलट आज जरा जास्तच पुढे करावं, हिच्यासाठी. माणूस स्वतःच्या भुकेला किती सुंदर कपडे घालतो!

एक वाजला. बाईंच्या हाताला आज कायद्याची आठवण नव्हती. टोपलीत न मावलेलं सगळं ताटलीत आलं, आणि ताटली लहान असल्यामुळे आक्का ती पुन्हा पुन्हा भरत राहिल्या. "आजच्या दिवस खा रे. कोणाच्या तरी निमित्ताने तोंड गोड होतंय."

मास्तर जेवून, तुडुंब होऊन वर गेले. भोकातून शिरताना जीव कंठाशी आला. लंबक धरून थांबवला आणि भिंतीला टेकून बसले. एरवी त्या खोलीत टिकटिक इतकी मोठी असे की झोपेची हिंमत होत नसे. आता लंबक थांबलेला, पोट भरलेलं, झरोक्यातून ऊन आलेलं. मास्तरांची मान छातीवर कधी आली ते त्यांना कळलं नाही.

खाली बाई नवं लुगडं नेसून टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "दोनचे ठोके पडले की निघू. स्टेशन काय, चार पावलांवर."

बराच वेळ गेला. आक्कांनी दाराबाहेर डोकावून पाहिलं. "अगं, काटा मघाशी होता तिथंच दिसतोय मला."

"तुमचे डोळे, वन्सं."

"डोळे गेलेत माझे, पण इतके नाहीत गेले. जा बाई तू. लवकर गेलीस तर काय बिघडेल?"

"उन्हात कशाला उभं राहू? सूर्य चुकेल, पण ह्यांचं घड्याळ चुकायचं नाही."

आणि गाडीची शिटी ऐकू आली.

"आज गाडी लवकर आली वाटतं!" बाई उठल्या आणि टोपली घेऊन धावत सुटल्या. बाईंना रस्त्यात असं धावताना गावाने कधी पाहिलं नव्हतं. जवळची म्हणून त्यांनी मालधक्क्याची वाट धरली. फलाटावर पोचल्या तेव्हा गाडी हलली होती. एका खिडकीतून धाकटी अर्धी बाहेर वाकली होती, पण मोठ्या फाटकाकडे तोंड करून, कारण माणसं तिकडूनच येतात. बाईंनी हाक मारली. ती इंजिनाने गिळली. त्यांना दिसली ती फक्त बहिणीच्या अंबाड्याची गाठ. मग तीही दिसेनाशी झाली.

शिटीनेच मास्तरही जागे झाले होते. झरोक्यातून त्यांनी धावणारी बायको पाहिली आणि सगळं एका क्षणात समजलं. ते भोकाकडे झेपावले, पाय सोडले, कंबर सोडली आणि जेवण आडवं आलं. खाली जाता येईना, वर येता येईना.

घड्याळ बंद पडल्याचं एव्हाना चौकाच्या लक्षात आलं होतं. भिंगवाला आपली हत्यारं घेऊन जिना चढला आणि त्याला दोन पाय दिसले.

"मास्तर, बंद कोण पडलंय? घड्याळ की तुम्ही?"

"ओढा हो मला! आधी ओढा!"

"ओढतो. पण लंबक कसा थांबला?"

"मी धरला होता."

"कशाला?"

असं लोंबकळत असताना माणसाला खोटं सुचत नाही. मास्तरांनी सगळं सांगितलं. भिंगवाल्याने पाय धरले होते ते तसेच धरून ठेवले.

"म्हणजे ती सगळी घड्याळं चांगली होती?"

"सगळी."

"आणि माझ्या हाताला गुण...?"

"तो नव्हता. ओढा आता."

भिंगवाल्याने ओढलं. मग भिंग काढून दोन्ही डोळ्यांनी मास्तरांकडे पाहत म्हणाला, "हे बघा, तुम्ही बोलू नका, मीही बोलत नाही. आपण दोघेही या गावात तोंड घेऊन राहतो." आणि खाली चौकात जाऊन त्याने जाहीर केलं की लंबकाची तार अडकली होती, मास्तर एकटे वर जिवाची बाजी लावून दुरुस्त करत होते.

त्यामुळे बाई टोपली घेऊन परत आल्या तेव्हा चौकात त्यांच्या नवऱ्याची वाहवा चालली होती. मास्तर दारात उभे होते. त्यांच्या कमरेला दोन्ही बाजूंनी खरचटलं होतं. बाईंनी टोपली खाली ठेवली, ओली फडकी आणली आणि जखमा पुसू लागल्या.

"भेटली का?" मास्तरांनी विचारलं. विचारू नये हे कळत असून विचारलं.

"नाही." फडकं पिळत त्या म्हणाल्या, "तुमचा काय दोष त्यात? यंत्र आहे. कधीतरी अडकायचंच. नेमकं आज अडकलं, माझं नशीब."

संध्याकाळी त्यांनी टोपली सोडली. "नासायच्या आत संपवायला हवं," म्हणून मोठं ताट काढलं आणि आपल्या हाताने वाढलं. "आज खा पोटभर. दमलात." मास्तरांनी बिस्किटाचा तुकडा तोंडात घातला. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून कितीतरी जास्त वेळ चावला, पण तो खाली उतरेना.

त्या दिवसापासून त्यांची भूक मेली. एकचा ठोका खऱ्या एकलाच पडू लागला. मास्तर जेवायला बसत आणि पोटात थोडीच नव्हे, पुष्कळ जागा ठेवून उठत.

पावसाळा उलटला आणि साहेब आले. मास्तर भोकातून असे गेले, जशी पाकिटात चिठ्ठी. साहेब खूश! "शाबास! काय केलंत काय?" बाईंनी अभिमानाने ताटली दाखवली. साहेबांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. नोकरी राहिली, खोल्या राहिल्या, घड्याळ राहिलं. चौकातल्या लोकांनी मास्तरांच्या पाठीवर थापा मारल्या, तेव्हा त्यांना हाडं लागली.

साहेब गेल्यावर आक्का शेजारी बातमी द्यायला गेल्या. घरात दोघंच राहिली. मास्तरांनी तेव्हा सांगितलं. भाताचा वास, लहान चावी, लंबक, झोप. काही राखून ठेवलं नाही.

बाई ताटली पुसत होत्या. पुसून झाली तरी पुसत राहिल्या.

"अहो," शेवटी त्या म्हणाल्या, "मला म्हणाला असतात, तर मी आधी वाढलं असतं हो."

एवढंच. पुढे कधी त्यांनी हा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्या भिंगवाल्याकडे गेल्या आणि भिंतीवर लावायचं एक साधं घड्याळ घेऊन आल्या. ते त्यांनी स्टेशनच्या वेळेला लावलं.

साहेबांची बदली झाली. जातील त्या गावी ते लहान ताटलीचा महिमा सांगत. डॉक्टर पुढे स्वतःच सुटले आणि त्यांच्या बायकोने त्यांचं चरणं बंद केलं. भिंगवाल्याने शाळेच्या मोठ्या बाईंचं घड्याळ मरेपर्यंत फुकट साफ केलं. त्याचं कारण त्यांना कधीच कळलं नाही. आक्का नव्वदी ओलांडून, मोठ्या ताटात जेवून गेल्या. धाकटी परत आली नाही. एका वर्षी तिचा फोटो आला, तो चांगला गुबगुबीत. बाई हसल्या, फोटो खूप वेळ हातात धरून बसल्या आणि मग म्हणाल्या, "हिचा चेहराच पालटला की. समोरून गेली असती तरी ओळखलं नसतं मी." तसं नव्हतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मनोऱ्यावर विजेचं घड्याळ आलं आणि मास्तर निवृत्त झाले. मग गावात ज्याला कोणाला गाडी गाठायची असेल, त्याची पिशवी उचलून ते त्याच्याबरोबर निघत. इतक्या लवकर नेत की फलाट झाडणारा त्यांना पाय वर घ्यायला सांगे. लोक कुरकुरत, "मास्तर, अजून सिग्नलसुद्धा पडला नाही हो."

"न पडो," मास्तर म्हणत. "या, सावलीत बसू. आणि तोंड फाटकाकडेच नको, मालधक्क्याकडेही असू द्या. माणूस कुठूनही येतं."